लोझानच्या खांद्यावरचा हात

पाव आणायला खाली उतरले, तर इमारतीच्या दारावर लोझान लागलेला होता. लोझान म्हणजे लोझानचा कागद. काळी चौकट, वर क्रूस, मधे फोटो, खाली नाव आणि दफनाची वेळ. माणूस गेला की आमच्या बल्गेरियात, विदिनमध्ये, असा कागद त्याच्या दारावर लागतो, विजेच्या खांबांवर लागतो, बसथांब्यावर लागतो, आणि गावातले निम्मे कागद माझ्या हातचे असतात. त्यामुळे मी ते कधी वाचायला थांबत नाही. दिवसभर जे रांधायचं तेच पुन्हा कुठे चाखत बसायचं. पण त्या सकाळी मी दाराशेजारच्या घंट्यांच्या बटणांकडे बघत पिशवीत किल्ली चाचपत होते आणि डोळ्याच्या कडेला काहीतरी खुपलं. लोझानच्या डाव्या खांद्यावर एक हात होता. चार बोटं, मनगटापर्यंतचा, आणि त्याच्या मागे माणूस नव्हता. मागचं सगळं मी नेहमीसारखं पांढऱ्या धुक्यात घालवलं होतं, आणि त्या धुक्यातून तो हात तेवढा येऊन म्हाताऱ्याच्या कोटावर बसला होता. मी चटकन कागदाकडे वळून बघितलं, तर हातही गेला आणि लोझानही. पुन्हा बटणांकडे बघितलं, तर दोघंही जिथल्या तिथे. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बसड्रायव्हर कुत्र्याला घेऊन जिना उतरले. "काय नेवेनाबाई, स्वतःचीच कलाकुसर बघताय होय?" असं म्हणाले, आणि मग जवळ जाऊन, "पण हा हात कुणाचा हो?" मी म्हटलं, "असेल कुणाचा तरी." ते हसले. "नशीबवान आहे लोझान. आम्हाला तर जिवंतपणीसुद्धा कुणी धरत नाही."

माझे डोळे जाताहेत हे तोवर फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि सोफियातल्या एका डॉक्टरला. मधलं जातं, कडेचं राहतं, असं तो डॉक्टर म्हणाला होता, आणि अगदी काळोख कधी होत नाही हे त्याने असं सांगितलं, जणू खिशातून काढून मला काही देतोय. बोलताना तो हसत होता की गंभीर होता हे मला कळलं नाही, कारण त्याच्या तोंडाच्या जागी तो डाग होता. काळा नव्हे. काळा असता तर निदान आहे म्हणून कळला असता. तव्यावर थेंब पडून वाळला की जसा एक निस्तेज ठिपका राहतो, तसलं काहीतरी, आणि मी जिकडे बघेन तिकडे ते माझ्या आधी जाऊन बसतं. घड्याळात किती वाजले बघायला गेले की काटे जातात आणि आकडे राहतात. पाववालीच्या तोंडाकडे बघितलं की तिचा रुमाल, कान, मागची फळी सगळं दिसतं, ती तेवढी दिसत नाही. आणि गंमत अशी की माझा सगळा धंदाच याच्या उलट आहे. संगणकाच्या पडद्यावर बाण जिथे ठेवावा आणि माउसचं चाक फिरवावं, तिथलंच मोठं होत जातं. नाकावर ठेवा, नाक पडदाभर होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या सुरकुतीवर ठेवा, ती नांगरटीएवढी होते. तीस वर्षं मी हेच करत आले. आधी फोटो स्टुडिओत भिंग आणि बारीक ब्रश घेऊन, मग झाहारीच्या छापखान्यात. त्यानेच मला कळफलक शिकवला. डावी करंगळी कंट्रोलवर, अंगठा लांब पट्टीवर. पट्टी दाबून धरली की बाणाचा पंजा होतो आणि पान पकडून हवं तिकडे ओढता येतं. कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह, जवळ. कंट्रोल आणि उणे, लांब. कंट्रोल आणि शून्य, अख्खं पान पडद्यात. सुरुवातीला मी बोटांकडे बघून दाबायची, तर तो ओरडायचा, "बोटं कुठे पळून जाताहेत का तुझी? वर बघ!" पुढे बोटंच सगळं करायला लागली. लोकांना वाटायचं बाई पियानो वाजवतेय. डोळे बिघडायला लागले तेव्हा याच बोटांनी मला वाचवलं. दिसलं नाही की मोठं करायचं. अजून नाही दिसलं, अजून मोठं करायचं. डागाच्या बाहेर येईपर्यंत. झाहारी मागून जाताना म्हणायचा, "एवढ्या जवळून काय बघतेस, मेलेल्याची नाडी लागते का?" त्याला मी फार बारकाईने काम करते असं वाटत होतं.

पाव न घेताच मी छापखान्यात गेले. झाहारी यायचा होता. लोझानची फाइल उघडली, माझं काम झालेला, पण कागदापुरता कापण्याआधीचा अख्खा फोटो. फोटो संत त्रिफोनच्या दिवसाचा होता, फेब्रुवारीत द्राक्षवेली छाटून त्यांच्या मुळांशी वाइन ओततात तेव्हाचा. मळ्यात उभा लोझान, राखाडी कोट, टोपी मागे सरकलेली, आणि मागे त्याचा मुलगा ल्यूबेन, बापाच्या खांद्यावर हात ठेवून हसणारा. फोटो दिला तेव्हा लोझानच्या बायकोने, गेर्गिनाने, मला टेबलावर बोट आपटून सांगितलं होतं, "ह्याला काढ. पोराचं काही म्हणता काही ठेवू नकोस." बापाच्या ऑपरेशनला मुलगा इटलीहून आला नव्हता. तेव्हा लोझान कॉफीच्या दुकानात सगळ्यांदेखत त्याला फोनवर म्हणाला होता, माझ्या मातीलाही येऊ नकोस. ल्यूबेनने ते शब्दशः पाळलं. खांद्यावरचे हात काढणं हे माझं रोजचं काम आहे. मेल्यावर लावायला लोक नेहमी कुठल्यातरी जेवणावळीतला फोटो आणतात, कारण माणूस हसलेला असतो तो तिथेच, आणि जेवणावळीत कुणाचा ना कुणाचा हात खांद्यावर असतोच. किती हात पुसले असतील मी. तर त्या दिवशी बाण डाव्या खांद्यावर नेला, चाक फिरवलं, कोटाचं कापड पडदाभर पसरलं, कडेने बोटं दिसली, आणि मी ती कापडाने भरून टाकली, शिवण शिवणीला जुळवून, मन लावून. तसं मला स्वच्छ आठवत होतं. आता मी कंट्रोल आणि शून्य दाबलं, आणि दाराच्या कडीकडे बघत फोटो डोळ्याच्या कडेला घेतला. खांद्यावर ल्यूबेनचा हात होता. आणि खाली, छातीखाली, जो भाग कागदात येतच नाही, तिथे लाल वाइनचा पेला हवेत उभा होता. लोझानची बाही होती, पेला होता, आणि मधे नुसता राखाडी कोट होता. मी बापाचाच हात पुसला होता.

कसं झालं ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. वसंतात झाहारीने नवीन प्रोग्राम आणला. जुन्यात नुसतं चाक फिरवलं की चित्र जवळ यायचं. नव्यात नुसतं चाक फिरवलं की पान खाली सरकतं. जवळ आणायचं तर डाव्या बोटाने ऑल्ट धरून चाक फिरवायचं, आणि कंट्रोल धरून फिरवलं तर पान आडवं पळतं. धडधाकट डोळ्यांच्या माणसाला पान सरकलं तर दिसतं, तो शिवी हासडतो आणि परत वर जातो. माझं बोट मधेच ऑल्टवरून सुटलं असणार, पान खाली गेलं असणार, आणि मी खांद्यावर आहे असं समजून कमरेशी बसले असणार. तितक्या जवळून कोट म्हणजे नुसता कोट असतो, आणि बोटं म्हणजे बोटं. मला फार वाईट वाटलं. नोकरी जाईल म्हणून वाईट वाटलं, हे नंतर. आधी वाईट वाटलं ते त्या हाताचं. त्या हाताने लोझानने चाळीस वर्षं त्याच मळ्यात वेली छाटल्या होत्या, माझ्या नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी खड्ड्याशी मला धरून ठेवलं होतं. तीच बोटं मी एकेक करून कापडाने झाकली, अंगठ्याच्या टोकापर्यंत, आणि मला ओळखू आली नाहीत. झाहारी आला तेव्हा मी फाइल बंद केली. "सकाळी सकाळी?" तो म्हणाला. "झोप लागेना," मी म्हटलं. वाटेत त्याने अजून लोझानचा कागद बघितला नसावा.

डोळ्यांचं मी कुणाला सांगत नव्हते ते बिल्यानामुळे. माझी मुलगी वालेन्सियात आहे. तिथे ती म्हाताऱ्या बायकांचं करते, स्पॅनिश बायकांचं. त्यांना आंघोळ घालते, भरवते, औषधं देते, एक गेली की दुसरी. तिला कळलं तर ती एका आठवड्यात येऊन मला उचलून नेईल, आणि मग तिच्या त्या म्हाताऱ्यांच्या रांगेत मी पण, सर्वांत फुकटची. चौथ्या मजल्यावरच्या कुणाच्यातरी स्वयंपाकघरात, खुर्चीवर, खिडकीबाहेरची भाषासुद्धा समजत नाही असं. नको. दर रविवारी दुपारी ती फोन करायची, चेहरा दाखवून. माझ्या हातात फोन, फोनमध्ये तिचा चेहरा तळहाताएवढा, आणि मी बघितलं की डाग त्यावर नेमका बसायचा, बशीवर झाकण बसावं तसा. बोटांनी चिमटा उघडून चित्र मोठं करावं, तर बोलत्या माणसाचं ते होत नाही. मग मी एक युक्ती केली. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि बघायचं खिडकीतल्या जिरेनियमकडे. जिरेनियमकडे बघितलं की डाव्या कडेला बिल्याना उजळायची. पुसटशी, पण अख्खी. केस वर बांधलेले, उजवी भुवई बोलताना चढणारी, गालावर थकवा. आठवड्यातून एकदा मी माझं लेकरू पोटभर बघत होते, आणि त्यासाठी तिच्याकडे पाठ फिरवल्यासारखं बसत होते. ती काय समजत असेल? "आई, टीव्ही बंद कर ना जरा." टीव्ही बंदच असायचा. "आई, कुणी आलंय का घरात?" "नाही गं, बोल तू." "मग बरं, राहू दे. तू कामात दिसतेस." पूर्वी ती तासभर बोलायची, मग अर्धा तास, मग हवापाण्याची चौकशी आणि संपलं. गेल्या नामदिनाला, म्हणजे माझ्या नावाच्या सणाला, तिने नुसता निरोप पाठवला. माझी मुलगी माझ्यापासून तुटत होती आणि मला ती तुटताना अगदी स्पष्ट दिसत होती, कडेने.

गेर्गिना येईल म्हणून मी रोज दाराच्या आवाजाला दचकत होते. गावात बोलणं सुरू झालंच होतं. कुणी म्हणे लोझानला देवदूत घ्यायला आलाय, कुणी म्हणे सैतान. भाजीबाजारात मिरच्या निवडताना एकीने मला कोपराने ढोसलं, "आता मेल्यांच्या अंगावर हातही लावायला लागलात का गं? जास्तीचे पैसे पडतात?" मी हसले. झाहारीने कागद बघितला होता, हे मला त्याच्या गप्प बसण्यावरून कळलं. एरवी तो एवढं ऐकवतो की कान किटतात. तो मला एवढंच म्हणाला, "बाई येईल, तेव्हा मी बोलतो." म्हणजे तो माझ्यासाठी खोटं बोलणार होता, यंत्राची चूक, नवीन प्रोग्रामची चूक. मला त्याचा राग आला आणि मग रडू आलं, आणि मी लांब पट्टी दाबून उगाच एक पान इकडून तिकडे ओढत बसले.

ती आली तेव्हा झाहारी कागद कापायच्या यंत्रापाशी होता. काळा रुमाल, काळा स्वेटर, आणि हातात ताटलीत झाकलेला, मेलेल्याच्या नावाने वाटतात तो उकडलेल्या गव्हाचा गोड प्रसाद. मी तिच्या मागच्या दाराकडे बघितलं आणि ती दिसली. ती भांडायला आल्यासारखी उभी नव्हती. झाहारी पुढे होऊन म्हणाला, "गेर्गिनाबाई, काय झालं सांगू का, हे नवीन मशीन—" "तू थांब रे," ती म्हणाली. "मला हिच्याशी बोलायचंय." ताटली तिने माझ्या कळफलकाशेजारी ठेवली. "ल्यूबेनचा फोन आला होता." तिने रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. "कुणीतरी त्याला तिकडे फोटो पाठवला कागदाचा. रडत होता. एवढा बाप्या झालाय आणि रडत होता फोनवर. म्हणाला, आई, तू माझा हात ठेवलास. बाबाच्या खांद्यावर तू माझा हात राहू दिलास. चाळीसाव्या दिवसाच्या विधीला येतो म्हणाला. तिकीट काढलंय." तिचा श्वास मला ऐकू येत होता. "मी तर तुला काढ म्हटलं होतं. खरं सांग नेवेना, तू मुद्दाम ठेवलास ना? तुला वाटलं ना, ही म्हातारी रागात बोलतेय?"

हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं की मी शहाणी, मी दयाळू, मला माणसाचं मन कळतं. झाहारी सुटला, मी सुटले, नोकरी राहिली, गावात कौतुक. तिलाही हो हवं होतं, तिच्या आवाजात ते ओलं होऊन थांबलं होतं. मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. पण मला तो हवेतला पेला दिसला. डागाच्या आत, जिथे काहीच दिसत नाही तिथे, फक्त तो दिसला. "नाही," मी म्हटलं. "मला दिसला नाही. मला दिसत नाही, गेर्गिना. मधलं काही दिसत नाही. मी पुसायलाच बसले होते, आणि पुसला तो लोझानचा हात, पेला धरलेला. तो कागदात आला नाही म्हणून तुला कळलं नाही."

यंत्र बंद झालं होतं. गेर्गिना खुर्ची ओढून बसली. तिने स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं. "हे ल्यूबेनला कळता कामा नये," ती म्हणाली. "त्याला मी सांगितलंय, मीच ठेवायला लावला म्हणून. आधीच सांगून टाकलंय मी. इथे आले ते नुसतं…" ते तिने पुरं केलं नाही. मग म्हणाली, "चाळीसाव्याचा कागद करशील ना? हात तसाच ठेवायचा." मी म्हटलं, "आता झाहारी करेल. मी नाही करू शकत." "त्याला नको," गेर्गिना म्हणाली. "तो नीट करेल." आणि ती हसली की काय, मला कळलं नाही, कारण तेव्हा मी चुकून सरळ तिच्याकडे बघितलं होतं. जाताना तिने माझा हात हातात घेऊन थोडा वेळ धरून ठेवला. तिचा हात खरबरीत होता आणि गरम होता.

ती गेल्यावर झाहारी माझ्या शेजारी येऊन बसला. इतक्या वर्षांत तो माझ्या शेजारी बसला नव्हता, मागेच उभा राहायचा. "कधीपासून?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "आणि मी गाढव, सगळ्यांना सांगत हिंडत होतो की माझ्याकडची बाई केसन् केस बघते." त्याने ताटलीवरचं झाकण काढलं, दोन चमचे आणले, आणि आम्ही गव्हाचं खाल्लं, साखर जरा जास्त होती. "दारावर बस," तो म्हणाला. "लोकांशी बोल, नावं घे, पैसे घे. तुझ्याशिवाय रडणाऱ्या लोकांशी बोलायचं मला जमत नाही." मी मान हलवली. मग तो म्हणाला, "बिल्यानाला ठाऊक आहे?" मी चमचा ताटलीत ठेवला. "आज सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी सांगितलं की कसं सांगतो ते तुला माहीत आहे."

घरी आले. रविवार नव्हता, तरी फोन लावला. साखरेच्या डब्याला टेकवला, खुर्ची ओढली, आणि सवयीने मान जिरेनियमकडे वळली. कडेला ती उजळली. कामावरून नुकतीच आलेली असावी, अंगात अजून तो निळा झगा होता. "आई? काय झालं? बरी आहेस ना?" बरी आहे, मी म्हटलं. तिची भुवई चढली. केसांत मला पांढरं दिसलं, कानाशी, थोडंसंच. कधी आलं ते? मी बघून घेतलं. कपाळ, नाकाचा शेंडा, हनुवटीवरची लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण. सगळं एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, आणि मग हळूहळू मान वळवली, जिरेनियमवरून खिडकीच्या चौकटीवर, चौकटीवरून टेबलावर, आणि सरळ समोर फोनकडे. ती गेली. तिच्या जागी तो वाळका ठिपका येऊन बसला, आणि भोवती तिच्या त्या परक्या घराची भिंत तेवढी राहिली.

"आई," बिल्यानाचा आवाज आला, एकदम लहान मुलीसारखा. "किती दिवसांनी बघतेस गं माझ्याकडे."

ती हसत होती. आवाजावरून कळत होतं.

"बिल्याना," मी म्हटलं, "तू मला दिसत नाहीस."